सोयऱ्याचा घोडा

पाराईहावू,
९ जून

प्रिय लापू,

नाकाला नाक. तू समोर नाहीस म्हणून कागदालाच नाक लावून पाहिलं, तर शाईचा वास आला. तुझ्या अंगाला आता कसला वास येत असेल कोण जाणे. इथल्या रिसॉर्टात काम करणाऱ्या सगळ्यांना येतो तसा गवती चहाच्या तेलाचा येत असेल.

फोन करून थकले म्हणून लिहायला बसले. तू उचलत नाहीस, आणि उचललास तर ‘ताई, पाहुणे समोर आहेत, नंतर करतो’ म्हणतोस. तुझं ते ‘नंतर’ काही अजून उजाडलेलं नाही. बोटीवरचा ओक्टो हे पत्र लोंबोक बेटावर येऊन तुझ्या हातात देईल. त्याला सुक्या मासळीचं पुडकं दिलंय, तेव्हा विसरणार नाही.

इकडची खबर. मका बरा झाला. मोठी डुकरीण व्याली, पिल्लं सगळी जगली. छपराचं गवत मागच्या बाजूने कुजलंय, ते या कोरड्या दिवसांत बदलायला हवं. मी रिसॉर्टच्या मांडवात बसून विणायचे. लारासबाई म्हणून नवीन मॅनेजर आल्यात, जावा बेटावरच्या. स्वभावाने चांगल्या. एकदा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “येवा, जरा सावकाश विणाल का? पाहुण्यांना ते बघायला आवडतं.” मी म्हटलं, “बाई, याहून सावकाश विणलं तर उंदीर सूत खाऊन जातील.” त्या हसल्या, पण खरंच सावकाश विणायला लावलं. आपण सावकाश होतो तेव्हा शाळेतले मास्तर आपल्याला आळशी म्हणायचे. आता तेच बघायला लोक समुद्र ओलांडून येतात, फाटकावर फोन काढून देतात आणि एका जेवणाला अर्धी दुपार घालवतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून या बाजूचे कोंबडेसुद्धा टेकडीपलीकडे नेऊन ठेवलेत.

आई कशी आहे हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, आणि मी कोंबड्यांपर्यंत येऊन पोचले.

आई शांत आहे. पाऊस सरला तसं तिचं बोलणं कमी होत गेलं. आता ती अजिबात बोलत नाही. सकाळी मी तिच्यापुढे कॉफी ठेवते, तुझ्यासारखीच भरपूर साखरेची. विडा करून ठेवते. संध्याकाळी दोन्ही उचलून बाहेर टाकते. ती पुढच्या उजव्या खांबाशी बसलेली असते, गुडघे छातीशी घेऊन, आणि कोणी ना कोणी येऊन तिच्या अंगावर एखादं कापड घालून जातं.

उजवा खांब म्हटल्यावर तुला कळलं असेल. तिथे जिवंत माणूस कधी बसलंय का? तो शब्द आपण घरात उच्चारत नाही. थडग्याचा दगड उघडेपर्यंत माणूस झोपलेलंच असतं. फोनवर तर ते सांगायचंच नसतं. म्हणून इतकंच लिहिते, की आई झोपली आहे आणि तिला बाबांजवळ न्यायचं आहे.

बाबांचा दगड तू बघितलास त्याच जागी आहे, किनाऱ्यावर. फरक इतकाच, की आता तो रिसॉर्टच्या फाटकाच्या आत आहे. त्यात बाबांच्या डाव्या हाताला आईची जागा रिकामी ठेवलेली आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि वरची शिळा घरच्या मुलाचा हात लागल्याशिवाय कोणी हलवत नाही, हेही नको. रेतांगमामा म्हणतात, पोरगा येईपर्यंत बहिणीला बसवून ठेवू, घाई कसली.

काल उगाच बाबांचा दिवस आठवला. रिसॉर्ट तेव्हा नवीन होतं आणि विमसाहेब मॅनेजर होते. ते कापड घेऊन आले आणि घाबरून तुला विचारत होते, आता मी काय करू? तू त्यांना सांगितलंस, “बाहेरचे येतात ते कापड आणतात. घरचा मुलगा रिकाम्या हाताने येतो आणि दगडाला हात लावतो.” त्यांनी कापड घातलं, तसा मामांनी त्यांच्या हातात घोड्याचा दोर दिला. बिचारे पांढरेफटक पडले. मी घोडा कसा घेऊ म्हणाले. तू म्हणालास, “घ्यावाच लागतो साहेब, आता तुम्ही आमचे सोयरे झालात.” किती हसलो होतो आपण त्या दिवशी, बाबा तिथे बसलेले असताना. तो घोडा अजून आहे. पाहुण्यांना पाठीवर घेऊन वाळूतून चालतो, सावकाश.

लापू, काही आणू नकोस. रिकाम्या हाताने ये.

तुझी ताई,
येवा


पाराईहावू,
४ ऑगस्ट

प्रिय लापू,

नाकाला नाक.

तुझा निरोप ओक्टोने त्याच्या फोनवर दाखवला. ‘जमवतो, ताई. हंगाम आहे.’ मी तो पुन्हा पुन्हा वाचला, खाली आणखी काही असेल म्हणून. ओक्टो म्हणाला, “एवढंच आहे गं बाई, किती सरकवशील, काच झिजेल.” पत्र तुझ्या हातात दिलं तेव्हा तू काय केलंस असं त्याला विचारलं. तो म्हणाला, उभ्याने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पाहुण्यांना नारळपाणी द्यायला गेला.

मी रागावलेले नाही. रागवायलाही अंगात काही लागतं.

लारासबाईंशी बोलणं झालं, ते सांगते. मामा स्वतः गेले, मला बरोबर घेऊन, डोक्याला फडकं बांधून, कमरेला कोयता लावून, विड्याची पिशवी घेऊन. बाईंनी बसायला दिलं, थंड सरबत दिलं. मामांनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, “व्याहीणबाई, आमची बहीण झोपली आहे. तुम्ही कापड घेऊन कधी येताय ते सांगा, म्हणजे दिवस ठरवू.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना विमसाहेबांची आणि घोड्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “पण विमसाहेब तर केव्हाच त्यांच्या देशात गेले.”

“साहेब गेले,” मामा म्हणाले, “घोडा कुठे गेलाय? तो काय बाहेर बांधलाय. त्याला जो खाणं घालतो, सोयरीक त्याच्याशी.”

इतकी वर्षं आपली सगळी म्हातारी माणसं याच भरवशावर होती, लापू. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही लिहून घेतलं नाही. घोडा घेतला म्हणजे फाटक उघडं, असं त्यांना वाटत होतं. आणि किनारा रिसॉर्टला देताना गावाच्या सभेत तूच उभा राहून म्हणाला होतास, ‘दगड आपला, वाटही आपली, मी सांगतोय ना.’ तू सांगितलंस म्हणून त्यांना ते आणखीच खरं वाटलं. त्या बाईला मात्र आपण कोणाची व्याहीण आहोत याचा पत्ताच नव्हता.

तरी ती वाईट नाही. तिने मान्य केलं. फक्त अटी सांगितल्या, अगदी हात जोडून सांगितल्या. पाहुणे कमी असतील तेव्हा करा. अंधार पडल्यावर घंटा वाजवू नका. म्हशी किनाऱ्यावर कापू नका, टेकडीपलीकडे कापा. आणि रडणं जरा... तिथे ती थांबली. मामा म्हणाले, “रडणंही टेकडीपलीकडे करायचं का?” ती बिचारी लाल झाली. तिचेही वरचे कोणी असणार. तू तसल्याच जागी काम करतोस, तेव्हा तुला माहीत.

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, “तुझ्या भावाने गावाला शब्द दिला आणि स्वतः बोटीत बसला. त्याला म्हणावं, तो शब्द न्यायला तरी ये.” हे मी लिहिणार नव्हते. लिहून गेलं.

बाबांच्या दगडाभोवती आता लाकडी ओटा केलाय. पहाटे पाहुणे त्यावर डोळे मिटून बसतात. परवा एक बाई दगडाला पाठ टेकून रडत होती. मी रागाने तिच्याकडे गेले, पण तिचं तोंड बघून पायच थांबले. तिने विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, माझ्या बाबांचं. ती म्हणाली, किती शांत वाटतं इथे. मी म्हटलं, “बाई, ते शांत नव्हते. घोरायला लागले की डुकरं जागी व्हायची.” ती रडता रडता हसली आणि मला म्हणाली, माझ्या आईला जाळलं तेव्हा मी विमानात होते. मग मीही तिच्याजवळ बसले. तिला सांगावंसं वाटलं, की माझी आई अजून घरी बसलेली आहे, आणि तिचा मुलगा विमानात नाही, बोटीतही नाही.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. मी आईशी खोटं बोलते. रोज कॉफी ठेवताना म्हणते, “लापू निघालाय.” एक दिवस म्हटलं, बोट वादळामुळे अडकली आहे. एक दिवस म्हटलं, बंदरावर उतरलाय, आता ट्रक मिळाला की आलाच. त्यानंतर पुढे काय सांगायचं ते सुचेना, म्हणून तुला परत लोंबोकला नेऊन बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ती काही म्हणत नाही. जिवंत असती तर तिने मला केव्हाच पकडलं असतं. हे बघ, मी तो शब्द जवळजवळ लिहिलाच.

ती घरात बसलेली आहे तोवर मला घर सोडून कामाला जाता येत नाही, हे तुला माहीत आहे. मांडवातलं विणणं सुटलं. माग तसाच ताणलेला आहे, त्यावर धूळ बसली आहे. मोठ्याने बोलायचं नाही, लाकूड फोडायचं नाही, शेतात उतरायचं नाही. तिच्या अंगावर इतकी कापडं झाली आहेत की आत ती कुठे आहे ते कळत नाही. दुपारी सगळं गाव पडून असतं तेव्हा मी तिच्यासमोर बसते, आणि मला वाटतं की आपणही असंच गुडघे घ्यावेत छातीशी, तिच्याशेजारी बसून राहावं, कोणीतरी माझ्याहीपुढे कॉफी ठेवावी. मग मला काही करावं लागणार नाही. हे भय वाटावं असं आहे ना? मला त्याचं भयही वाटत नाही.

मी मामांना विचारलं होतं, दगडाला मी हात लावला तर? त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाले, “तू लावशीलही पोरी, तुझी छाती आहे. पण मग तो कोण उरला?”

सप्टेंबरची पुनव ठरली आहे. लारासबाईंनीही ती चालेल म्हटलंय, तेव्हा पाहुणे कमी असतात. मामा म्हणतात, त्याच्या पुढे आता नाही. घरातलं अन्न संपत आलंय आणि येवाही संपत आली आहे. असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, मला लाज वाटली.

तेव्हा ये. एक दिवस ये. हात लाव आणि संध्याकाळच्या बोटीने परत जा, मी अडवणार नाही. तुझ्या हंगामाला तेवढं सोसेल.

तुझी ताई,
येवा


पाराईहावू,
३० सप्टेंबर

श्री. उंबू लापू यांस,

विडा-सुपारी पुढे ठेवून नमस्कार.

आपण पाठवलेलं कापड पोचलं. त्याची पोच देण्यासाठी हे पत्र. आमच्या घरी कोणी कापड आणलं तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची रीत नाही, हे आपणांस...

नाही जमत मला. ‘उंबू’, ‘रांबू’ अशी मानाची नावं लावून ‘तुम्ही’ म्हणायचं ठरवून बसले होते. लहानपणी तुझं नाक माझ्या पदराला पुसलंय मी. तूच म्हणते.

पुनवेच्या दिवशी सकाळीच आईला घरातून बाहेर काढलं. सगळे आले होते, टेकडीपलीकडच्या गावांतले, नदीकडचे, ज्यांच्याशी बाबांचं भांडण होतं तेही. फाटक उघडं होतं. लारासबाईंनी शब्द पाळला. आम्ही आईला बाबांच्या दगडाशी नेऊन ठेवलं, तो ओटा त्यांनी स्वतःच उचलून बाजूला केला होता. मग सगळे तुझी वाट बघत बसले. कोणी घड्याळ बघितलं नाही. रिसॉर्टच्या आत तसंही घड्याळ नसतं.

ऊन तापलं. म्हाताऱ्या बायका सावली शोधायला लागल्या. तुझा चुलत भाऊ हामा, जो रिसॉर्टच्या बागेत पाणी घालतो, तो दर थोड्या वेळाने वाटेपर्यंत जाऊन यायचा.

आणि मग गाडी आली. ती बिनआवाजाची गाडी, पाहुण्यांना बंदरावरून आणतात ती. मला आता हे लिहितानाही लाज वाटते, पण मी धावले. केस सुटले होते, सगळ्यांसमोर धावले. आईकडे वळून म्हटलंसुद्धा, “बघ, आला.” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याशी खरं बोलतेय असं मला वाटलं.

गाडीतून लारासबाई उतरल्या. हातात केळीच्या सोपटाच्या कागदात बांधलेलं सपाट पुडकं होतं. मी त्यांच्या मागे गाडीत वाकून बघितलं. गाडीत फक्त चालक होता.

बाई मामांच्या समोर गेल्या, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं. सगळं नीट शिकून आल्या होत्या. मामांनी सोडलं. सुंदर कापड, लापू. निळीत बुडवलेलं, मुळांच्या तांबड्या रंगाचं, एकही धागा चुकलेला नाही. तुमच्या रिसॉर्टच्या दुकानात ते भिंतीवर लावत असतील.

“कापड आलं,” मामा म्हणाले. “कोणाकडून?”

“लापूकडून,” बाई म्हणाल्या. “त्याने स्वतः निवडून बोटीने माझ्याकडे पाठवलंय. त्याला रजा नाही मिळाली. फोनवर फार रडला.”

बाई आमच्या तोंडाकडे बघत होत्या, आपलं काही चुकलं का म्हणून. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या गावचा नसलेला माणूस कापडच आणणार.

मामांनी परत विचारलं, मला वाटतं तुला एक संधी द्यायची म्हणून. “व्याहीणबाई, त्याने आणखी काही सांगितलंय? हे रिसॉर्टचं कापड आहे, तो मागून येतोय, असं काही?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हे त्याच्या नावाने द्या, असं म्हणाला. प्रेमाने.”

मामा उठले. आवाज सगळ्यांना जावा इतका मोठा काढला. “उंबू लापूने कापड आणलं आहे. कापड आणतो तो सोयरा. सोयऱ्याचं कापड वर घाला.” आणि आम्ही ते आईच्या अंगावर घातलं, सगळ्यांत वर, जिथे बाहेरच्या माणसांची कापडं घालतात. कापड घालताना मामा रडत होते. मी नाही रडले. मला त्या वेळी आश्चर्य वाटत होतं, की इतकी सोपी गोष्ट होती, एका कापडाने झाली.

तू विसरलास का रे? खरं सांग. विमसाहेबांना शिकवणारा तू. की विसरला नव्हतास, आणि यायचंच नाही हे सांगायला तुला हाच मार्ग सापडला? मी रोज यातलं एक धरते, दुसऱ्या दिवशी ते सोडून दुसरं धरते. विसरला असशील तर तुला परत शिकवता येईल असं वाटायला लागतं. मग लक्षात येतं, शिकवून आता उपयोग नाही.

मग मामांनी विचारलं, दगडाला कोण हात लावतो? हामा पुढे आला. हात बागेच्या मातीने भरलेले होते, ते त्याने आधी समुद्रात धुतले. शिळेवर तळवे ठेवले आणि म्हणाला, “बाबा, सरकून बसा, आईला जागा द्या.” बायकांनी जो आकांत केला तो टेकडीपलीकडे गेला असेल. लारासबाईंनी कोणाला गप्प केलं नाही. त्या स्वतःच रडत होत्या.

शिळा परत बसवली. आता ती उघडायची नाही, आत दोघंही आहेत.

जाताना लारासबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “किती छान झालं. लापूला मी सांगेन, त्याचं कापड अगदी वर घातलं. त्याला फार बरं वाटेल.” मी मान हलवली. तिला समजावण्यात काय अर्थ होता? पुन्हा ती स्वतःला दोष देत बसली असती.

हामा आता घरात राहतो. दगडाला हात लावेल तो मुलगा, मग घरही त्याचंच, हे मी ठरवलेलं नाही. मागच्या बाजूचं कुजलेलं गवत त्याने बदललं. सकाळी कॉफी मागतो, बिनसाखरेची. मी चुकून दोनदा साखर घातली, काही न बोलता प्यायला. मी पुन्हा विणायला जाते. आता लारासबाईंना सांगावं लागत नाही, हात आपणच सावकाश चालतात.

सोयऱ्याला घोडा द्यावा लागतो. मामांनी तुझ्यासाठी आईच्या करड्या घोडीचं शिंगरू काढलं आहे, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. ते जन्मलं तेव्हा आईने तुला फोनवरून त्याचं खिंकाळणं ऐकवलं होतं, आणि तू म्हणाला होतास की त्याला कोणाला देऊ नका, मी येईन तेव्हा मला हवं. तसंच झालं. अंगणात बांधलंय. त्याला मीच चारा घालते.

कधी सवड झाली तर येऊन घेऊन जावं. मी दारात चटई घालीन, विडा पुढे करीन, कॉफी देईन, साखर भरपूर घालून. मग घोड्याचा दोर तुमच्या हातात देईन आणि पाहुण्याला सोडायला जातात तितक्या अंतरापर्यंत तुमच्याबरोबर चालत येईन.

हामाची बहीण,
रांबू येवा